अंघोळीचं पाणी

बादलीतलं पाणी मला कोमट वाटलं. सासूबाईंनी बोट बुडवलं आणि झटकन मागे घेतलं. "अगं, पोळेल पोर. राहू दे, आजपासून मीच घालते अंघोळ."

चार महिन्यांच्या लेकीला त्यांनी उचललं. मी बधिर बोटांकडे बघत राहिले. डॉक्टर म्हणाले होते, मज्जातंतूंवरचं आवरण झिजतंय, वायरीवरचं प्लॅस्टिक जावं तसं. निरोप मध्येच हरवतात. कधी डोळा अंधुक होईल, कधी पाय जड. पण लेकीची अंघोळही जाईल, हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आधीच पाटावर पाय लांब करून बसले. तांब्यातलं पाणी गालाला लावलं. चेहऱ्याची जाणीव अजून शाबूत होती. गरम लागलं. गार ओतून पुन्हा लावलं. आता कोमट होतं.

"हे काय नवीन?" सासूबाई दारात होत्या.

"हातांचा भरवसा नाही राहिला, आई. गालाला कळतं. बघा तुम्ही."

त्यांनी बोट बुडवलं, जरा वेळ तसंच ठेवलं. मग लेकीला माझ्या पायांवर ठेवलं आणि शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"मानेच्या घडीत नीट चोळ. काल माझ्याकडून राहिलं."