मेलेल्या जनुकाचे डोनट

विनिपेगच्या आमच्या प्रयोगशाळेत एखादं संशोधन मेलं, की आमचा प्रमुख हेडली डोनट आणतो. आज खोकं आधीच दाराबाहेर येऊन बसलेलं. प्रतिपिंडांच्या कुळातलं एक जनुक, सगळ्यांनी मेलेलं ठरवलेलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये अजून बोलतंय, आरएनएचे निरोप धाडतंय, असा विद्यार्थिनी ओक्सानाचा हट्ट. "नमुन्यात डीएनएची घाण राहिली असेल, पोरी," हेडली म्हणाला. "मग ती जेलच्या दोन्ही रांगांत दिसेल, डीएनएला एन्झाइम लागत नाही. दिसली तर मी विषय सोडते." एका रांगेतल्या नमुन्यात जनुकाचा आरएनए-निरोप वाचणारं एन्झाइम होतं, दुसरीत मुद्दाम वगळलेलं. मी जेलखालचा दिवा लावला. पहिलीत बारीकशी रेघ उजळली. दुसरीत काळोख. ओक्सानाने माझं मनगट धरलं. हेडली चष्मा पुसून जवळ वाकला. "उद्या पुन्हा करून दाखव," तो पुटपुटला. "दाखवते. आणि डोनट?" "परत नेतो." "राहू दे," मी दार उघडत म्हटलं. "जिवंतांनाही भूक लागते."