देखणे तेवढे

मास्तरांच्या कपाटाचा पहिला खण ओढला तेव्हा संग्रहालयाच्या साहेबांना वाटलं, तो रिकामाच आहे. मग कापसावर ठेवलेला शंख दिसला. गोगलगायीचा, बोटाच्या पेराएवढा, घासूनपुसून लख्ख केलेला. शेजारी मास्तरांच्या किरट्या अक्षरातली चिठ्ठी, वर्ष आणि जागा लिहिलेली.

दुसऱ्या खणातही एकच. तिसऱ्यातही.

“बाकीचे कुठे ठेवलेत, ताई?”

“टाकले,” मास्तरांची थोरली बहीण म्हणाली. मास्तर जाऊन दीड महिना झाला होता, आणि एवढ्या दिवसांत आज पहिल्यांदा तिला कुणाला काही दाखवायचं होतं. “संग्रहालयात जायचं म्हटल्यावर काय वाट्टेल ते पाठवायचं का? एकेका खणात दोन-दोनशे, सगळे सारखेच. एखाद्याचा पट्टा अर्धवट, एखाद्याचा रंग उडालेला. म्हटलं, दरवर्षीचा सगळ्यात देखणा तेवढा ठेवावा. टूथब्रशने घासलाय एकेक. तीन आठवडे कंबर मोडून घेतली.”

“टाकले म्हणजे कुठे?”

“कचऱ्याच्या गाडीत. आणखी कुठे?”

साहेब मिळेल त्या खुर्चीवर बसले. चाळीस खण होते. चाळीस वर्षं मास्तरांनी कालव्याच्या एकाच भिंतीवरून दरवर्षी दोनशे शंख उचलले होते, निवड न करता, हाताला येतील ते. त्यांचं शेवटचं पत्र साहेबांच्या खिशात होतं. ‘भिंतीवर सावली धरणारी झाडं तोडल्यापासून गडद शंख कमी होत चाललेत, असा माझा अंदाज आहे. मोजणी तुम्ही करा, माझे डोळे गेले.’ सहा महिने वरिष्ठांचे उंबरे झिजवून साहेबांनी आज गाडी आणली होती.

काही न बोलता कपाट उचलावं, मास्तरांच्या नावाची पाटी लावावी आणि मोकळं व्हावं, असं त्यांच्या मनात आलं. म्हातारीच्या जिवाला घोर कशाला? पण बाई काही दुधखुळी नव्हती.

“तोंड का उतरलं तुमचं? माझं काही चुकलं असेल तर स्पष्ट सांगा.”

“पूर्वी आमच्याकडेही असंच करायचे, ताई,” साहेब म्हणाले. “एका जातीचा एक देखणा नमुना ठेवायचा, बाकीचे खराब म्हणून बाजूला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की जात बदलते कशी ते त्या बाकीच्यांतच दिसतं. कुणी जरा गडद, कुणी फिका. कोण टिकला, कोण कमी झाला. मास्तर तेच जमवत होते.”

“पण सारखेच होते हो सगळे!”

“नव्हते, ताई.”

आता ती रडणार, असं साहेबांना वाटलं. पण तिला आला तो राग.

“दिसायला गरीब, पण गोगलगाय नि पोटात पाय! चाळीस वर्षं त्याच्यापुढे ताट वाढलं मी. रोज या खणांवरची धूळ पुसली. पानंच्या पानं पत्रं लिहून जगाला सांगत बसायचा. मी विचारलं की म्हणायचा, तुला काय करायचंय? घरातल्या माणसाला एकदा सांगायला काय तोंडाला कुलूप लागलं होतं?”

तिने डोळे पुसले, चष्मा चढवला आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

“मग आता तुम्ही सांगा. काय बघायचा तो यात? दाखवा मला.”

साहेबांनी एकेक खण उघडून चाळीसही शंख टेबलावर ओळीने मांडले. चाळिसांवर तेच पाच काळे पट्टे, तीच चमक. एकही फिका नव्हता.

बहीण ओळीवर वाकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्यावर आली.

“कुठाय फरक?” तिने विचारलं.