पाच गाड्यांचं घड्याळ

वामनराव वकिलांनी घड्याळाच्या चिनी मातीवर नखानं टिचकी मारली. टिणकन आवाज आला. ओसरीवर जमलेली माणसं पुढं सरकली. दाराआड उभ्या पार्बताबाईनं पदर मुठीत धरला.

कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली तिच्या नवऱ्यानं, खुशालरावांनी, पाच गाड्या कापूस मुंबईला विकून हे घड्याळ तिवशाला आणलं होतं. तेव्हापासून शेजारच्या रामरावांचं एकच पालुपद, “पाच गाड्या कापूस देल्ला अन् माती आनली! आपल्या वावरात का माती कमी होती, खुशालराव?” म्हणून आज घड्याळाचं खरं मोल सांगायला अमरावतीहून वकिलांना बोलावलं होतं. त्यांच्या घरी अशी चार घड्याळं होती.

वामनरावांनी घड्याळ उलटं करून तळाचा शिक्का पाहिला.

“अस्सल विलायती. पाच गाड्यांत स्वस्त पडलं तुम्हांला.”

खुशालरावांनी मिशीवरून हात फिरवला. रामराव आपल्या जोड्यांकडे पाहू लागले.

“एकच खोट आहे,” वामनराव म्हणाले. “या बाईच्या कपाळाला हे लाल काय?”

घड्याळावर गुलाबी झग्यातली चिनी मातीची एक बाई बसली होती. भरल्या घरात उघड्या कपाळाची बाई कशी ठेवायची? म्हणून पार्बताबाई रोज सकाळी तिला आधी मेण आणि मग कुंकू लावायची.

“असंच राहिलं तर तीन गाड्यांचं धरा. थांबा, पुसून टाकतो.” वामनरावांनी रुमाल कोनाड्यातल्या दिव्याच्या तेलात बुडवला.

“हात नोका लावू, वकीलसायेब!” पार्बताबाई चारचौघांत कधी आली नव्हती, ती उंबरा ओलांडून आली. “सवाशीन हाये ते. तिचं कुंकू पुसून मोल वाढते काय?”

रुमाल हवेतच राहिला.

रामराव हसले. “आता बोला, खुशालराव. पाच का तीन?”

खुशालरावांनी घड्याळावरच्या बाईकडे पाहिलं, मग बायकोच्या कपाळाकडे.

“तीनच सांगजा अमरावतीत, वकीलसायेब,” ते म्हणाले. “पन बाई आमच्या घरची हाये, हेबी सांगजा.”

पार्बताबाई आतून करंडा घेऊन आली. तिनं सगळ्यांदेखत चिमूटभर कुंकू घेतलं आणि त्या इवल्याशा कपाळावर टेकवलं. तेवढ्यात घड्याळ वाजू लागलं. पाचही ठोके पडेपर्यंत तिचं बोट तिथून हललं नाही.