धाग्याची परीक्षा

समोरच्या पॉलिस्टर साड्यांच्या दुकानातली गर्दी बघून सुती साड्या विकणाऱ्या दाजीबांच्या पोटात दुखायचं. आज तर तिथून निघालेल्या एका बाईला हाक मारून त्यांनी तिच्या नव्या साडीचा सुटा धागा ओढला आणि काडी लावली. धागा वितळून त्याची काळी गोळी झाली.

“बघा! सुताची राख होते. हे प्लास्टिक आहे!”

“ठाऊक आहे, काका. पण खळ नको, इस्त्री नको,” म्हणत बाई हसत गेली.

चरफडत दाजीबा घरी आले. दोरीवर बायकोची नवी साडी वाळत होती. त्यांनी तिचाही धागा ओढला, काडी लावली. गोळी बोटाला चिकटली.

“भाजलं ना बोट?” बायको दारातून म्हणाली. “तीस वर्षं तुमच्या सुती साड्यांना खळ-इस्त्री करणारे माझे हात कधी बघितलेत?”