पाटीवरचा मजकूर

मंजुषाने टेपचे एक टोक जमिनीला टेकवले आणि दुसरे भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पन्हाळीला लावले. "सव्वा फूट," ती म्हणाली आणि तिने वहीत नोंद केली. ती वारसा समितीची वास्तुतज्ज्ञ. घर पाडू द्यायचे की नाही, हे तिच्या अहवालावर ठरणार होते.

घराचे मालक बापूराव तिच्याकडे कमी आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या भैयाजींकडे जास्त पाहत होते. भद्रावतीच्या आयुधनिर्माणीत तपासनीस म्हणून छत्तीस वर्षे काढलेल्या बापूरावांसारख्या माणसाला एक खोड जडते: मापात बसेपर्यंत प्रत्येक नग सदोष. भैयाजी कुठल्याच मापात बसत नव्हते. चंद्रपूरच्या परकोटाआतले, जुन्या तटबंदीतले, हे जमीनदार पूर्वजांचे मालगुजारी घर त्यांनी स्वतःच विकले होते, रीतसर आणि हसतमुखाने. बापूरावांनी ते घेतले पाडण्यासाठी. तिथे त्यांच्या डॉक्टर मुलीचा, रिनाचा, दवाखाना उभा राहायचा होता. पाडण्याचा अर्ज दाखल होताच पहिली हरकत आली ती भैयाजींची. तीन सुनावण्या झाल्या. तिन्हींना ते वेळेआधी हजर. विकून टाकलेल्या घरावर इतकी माया कोणाची असते? याला जागा परत हवी असणार, असे बापूरावांनी मनाशी ठरवून टाकले होते.

"जागा तुमचीच आहे बापूराव," भैयाजी आताही म्हणाले. "मले काय कराची आहे? पूर्वजांची आठवण तेवढी राहू द्या."

"तुमची आठवन लय दांडगी हाय भैयाजी. इकताना कुठी गेली होती?"

भैयाजी हसले. मंजुषाने हसू आवरले.

"घर राहिलं तर इथे लावायच्या पाटीचा मसुदाही आलाय," ती म्हणाली आणि वाचू लागली. "वाटसरूंसाठी धर्मार्थ पाणपोई. मालगुजार घराण्याच्या औदार्याची खूण."

मसुदा कोणाकडून आला, हे विचारावे लागले नाही. भैयाजी विनयाने जमिनीकडे पाहत होते.

बापूरावांना माप जुळल्यासारखे झाले. या माणसाला घर नको होते, जागाही नको होती. हवा होता तो हा मजकूर, समितीच्या शिक्क्यासह, दगडावर कोरलेला.

"बाई," ते मंजुषाला म्हणाले, "पानपोईत मानूस उभ्यानं पानी पिते. हे सव्वा फुटावर काऊन?"

मंजुषाने वहीतल्या आकड्याकडे पाहिले.

"आतून पानी ओतत. भाइर आमचे लोक गुडघे टेकून ओंजळ धरत. म्हंजे यायच्या घरच्या भांड्याले इटाळ नाई होत. माहा बाप इथी पानी पेला, नऊ वर्साचा असताना."

"जाऊ द्या बापूराव," भैयाजी म्हणाले. "जुन्या गोष्टी आहेत."

"जुन्या हायेत म्हनूनच तं तुमी जपून राह्यले ना."

मग बापूरावांनी पिशवीतून अर्जाची प्रत काढली आणि तिच्यावर आडवी रेघ ओढली. "पाडाचा अर्ज मांगं घेतो. रिनाचा दवाखाना याच घरात बसन. पाटी लावा, पन मी सांगतो ते लिवा."

ते सांगत गेले, मंजुषा लिहीत गेली. ही पन्हाळ कशासाठी होती, पाणी कोण ओतत असे, कोण पीत असे. पिणाऱ्यांपैकी एकाचे नाव: हरिदास, वय वर्षे नऊ. ओतणाऱ्या घराण्याचेही नाव, पूर्ण. तिने सगळे वाचून दाखवले आणि त्यांची सही घेतली.

समितीने मजकूर एकमताने मंजूर केला. आठवडा उलटायच्या आत समितीकडे भैयाजींचा नवा अर्ज आला: सदर इमारत अत्यंत धोकादायक असून, जनहितार्थ ती पन्हाळीसह तात्काळ पाडण्यात यावी.