आवाज कमी

प्रमिलाताई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. समोरच्या भिंतीवर मालिका रंगात आली होती. टीव्ही, स्पीकर सगळं भिंतीच्या आत दडलेलं. घरात एकही बटण नव्हतं. घर फक्त माणसाचं बोलणं ऐकायचं. म्हणूनच, पक्षाघातात वाचा गेल्यापासून ते त्यांच्या नवऱ्याला, रघुवीररावांना, दाद देत नव्हतं. रघुवीरराव पलीकडच्या खोलीत नुसते पडून असत.

अचानक मालिकेचा आवाज उतरला.

"आवाज वाढव," प्रमिलाताई घराला म्हणाल्या. वाढला, आणि लगेच पुन्हा उतरला.

"काय चाललंय तुझं?"

"मी काही केलं नाही," घर म्हणालं. "रिमोटवरून कमी झाला."

"आपल्याकडे कुठला आलाय रिमोट?"

मेथी तशीच टाकून त्या पलीकडच्या खोलीत गेल्या. रघुवीरराव उशीला टेकून बसले होते. चालत्या हातात जुन्या पद्धतीचा, बटणांचा रिमोट होता. सकाळी येऊन गेलेल्या लेकीने, शर्वरीने, तो जोडून दिला होता. त्याच्या रेडिओलहरी भिंतीतूनही आरपार जायच्या.

लग्नापासून रोज या वेळी ते इथून ओरडायचे, "अगं, आवाज कमी कर!" आणि त्या फणकारायच्या. गेले कित्येक महिने कुणी ओरडलंच नव्हतं.

प्रमिलाताईंनी मनातल्या मनात लेकीला भरभरून आशीर्वाद दिले. पदराने डोळे पुसले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी वाढवणारच. काय करायचं ते करा!"

रघुवीरराव अर्ध्या ओठाने हसले.

स्वयंपाकघरात येऊन प्रमिलाताईंनी घराला आवाज मुद्दाम खूप मोठा करायला लावला, आणि मेथीची काडी हातात धरून तो कमी व्हायची वाट पाहत बसल्या.