माडावरचं अपडेट

मुलांनो, जरा कल्पना करा: तुमच्या बाबांचा उजवा हात यंत्राचा आहे आणि त्यालाही फोनसारखं अपडेट येतं.

केतकीच्या बाबांना ते नको असायचं. मागच्या अपडेटनंतर हात कोयता धरायलाच विसरला होता. म्हणून रोज सकाळी हाताने विचारलं, की नारळ पाडायला निघालेले बाबा 'नंतर' म्हणून मोकळे व्हायचे.

आज ते उंच माडाच्या शेंड्याशी होते आणि हाताने विचारलंच नाही. सारखं पुढे ढकललेलं अपडेट आपोआप सुरू झालं. बोटं झावळीच्या देठावर घट्ट मिटली. "पूर्ण झाल्यावर बोटं सैल सुटतील," हात म्हणाला.

"बाबा, खाली या!" केतकी ओरडली.

"येतो कसला? हात माझा, हुकूम कंपनीचा! डाव्या हाताला मुंग्या आल्यात गो. शेजारच्या तात्यांना हाक मार."

तात्या बाजारात गेले होते. वरून हाताचा आवाज आला, "थोडाच वेळ शिल्लक."

केतकीने बुंध्याशी पडलेली दोरी खांद्यावर टाकली आणि माडाच्या खाचांत पाय रोवत ती चढू लागली.

"अगो, उतर! तुझी आई मला घरात घेणार नाही!"

ती थांबली नाही. बाबांच्या कमरेभोवती आणि माडाभोवती दोरी फिरवून तिने गाठ आवळली. तेवढ्यात बोटं उघडली. बाबा घसरले, दोरी करकरली, पण टिकली.

"अपडेट पूर्ण," हात गोड आवाजात म्हणाला. "कसं वाटलं?"

केतकीने दोरीला आणखी एक गाठ मारली.